नालंदात दहा वर्षं जेवलेला चिनी भिक्खू : इत्सिंग

शहाड स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजले की चायनीजच्या गाड्यांवर गर्दी सुरू होते. आमच्या वस्तीतल्या पोरांसाठी चीन म्हणजे शेजवान चटणी, मंच्युरियन आणि चायनीज भेळ. यातलं बरंचसं आपल्या मुंबईतच जन्माला आलेलं आहे, पण ते सांगून कोणाला पटत नाही. दुसरा चीन मोबाइलवर येतो. चिनी पद्धतीने सकाळी हे प्या, अमक्या वेळेला अमका अवयव जागा असतो, इतके दिवस उपाशी राहिलात तर साखर मुळापासून जाईल, असे संदेश. त्याखाली कधी चिनी ऋषीचं नाव असतं, कधी थेट भगवान बुद्धांचं.

दोन वर्षांपूर्वी वर्षावासात आमच्या विहारातल्या एक मावशी असाच संदेश वाचून उपाशी राहू लागल्या. साखरेचा जुना आजार, रोजचं इन्सुलिन. खाणं बंद केलं, इंजेक्शन मात्र चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्या घरात बेशुद्ध पडल्या. शेजारच्या मुलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. नंतर भेटायला गेले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, बुद्धांच्या काळात भिक्खू एकदाच जेवायचे ना, मग माझं काय चुकलं? माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. समाजशास्त्राच्या एम.ए.ला हे कोणी शिकवत नाही. उत्तर शोधताना मी इत्सिंगपर्यंत पोहोचले.

शाळेच्या इतिहासात आपण तीन चिनी प्रवाशांची नावं पाठ केली. फाहियान, ह्युएन त्संग, इत्सिंग. परीक्षेत पहिल्या दोघांवर टीप यायची, तिसरा रिकाम्या जागेत. ह्युएन त्संग तर सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, म्हणून त्याचं कौतुक जास्त. इत्सिंग इकडे आला नाही. पण बौद्ध विहारात रोज सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं काय करायची, कशावर बसायची, काय खायची, आजारी पडली की काय घ्यायची, हे त्याच्याइतकं तपशिलाने कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

त्याचा जन्म इ.स. ६३५ मध्ये उत्तर चीनमध्ये झाला. सातव्या वर्षी तो विहारात गेला. पहिले आचार्य शान्यू तो बारा वर्षांचा असतानाच गेले, नंतर हुइशी नावाच्या आचार्यांनी त्याला वाढवलं. उपसंपदा झाल्यावर पाच वर्षं त्याने फक्त विनय वाचला. विनय म्हणजे नुसते शीलाचे नियम असं आपण समजतो. प्रत्यक्षात विनयाचा मोठा भाग भांडी, पाणी, अन्न, कपडे, औषध यांवर आहे. चीनमध्ये हे नियम भाषांतरातून आलेले, त्यामुळे प्रत्येक विहाराचा अर्थ वेगळा. खरं काय ते भारतात जाऊन बघायचं, ही इच्छा त्याने पंधराव्या वर्षापासून बाळगली होती.

ती पूर्ण व्हायला वयाची छत्तीस वर्षं उलटली. बरोबर येणारे बरेच भिक्खू ठरले होते, पण निघायच्या वेळी एकेक मागे हटला. शेवटी एक तरुण भिक्खू आणि तो असे दोघेच ६७१ मध्ये कँटन बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजावर चढले. वीस दिवसांनी श्रीविजय, म्हणजे आजच्या इंडोनेशियातलं पालेंबांग. तिथे सहा महिने तो संस्कृत व्याकरण शिकला. तरुण सोबती आजारी पडून परत गेला. इत्सिंग एकटाच पुढे निघाला आणि निकोबारवरून ६७३ मध्ये ताम्रलिप्तीला, आजच्या बंगालच्या किनाऱ्यावर, उतरला. तिथे ता-चेंग-तेंग नावाचा एक जुना चिनी भिक्खू भेटला. त्याच्याजवळ वर्षभर राहून भाषा पक्की केली आणि दोघे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर नालंदाकडे निघाले.

पुढचा प्रसंग मला फार जवळचा वाटतो, कारण पुस्तकी भिक्खूचं माणूसपण त्यात दिसतं. महाबोधीपासून दहा दिवसांच्या अंतरावर इत्सिंगला साथीच्या तापाने गाठलं. अंगात त्राण नाही. थोडं अंतर चालायचं तर शंभर वेळा थांबावं लागे. तांडा पुढे निघून गेला आणि डोंगरातल्या वाटेवर तो एकटा राहिला. सूर्य मावळताना धनुष्यबाण घेतलेले लुटारू आले आणि त्याच्या अंगावरचं सगळं काढून घेऊन गेले. त्या भागात गोऱ्या कातडीच्या माणसाला पकडून बळी देतात असं त्याने ऐकलं होतं. म्हणून तो चिखलाच्या खड्ड्यात उतरला, सर्वांगाला चिखल फासला, पानं गुंडाळली आणि काठी टेकत टेकत चालत राहिला. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी मुक्कामाच्या गावाबाहेर तेंग त्याला हाका मारत उभा होता. त्याने चिवर दिलं, तळ्यावर अंग धुऊन मग इत्सिंग गावात शिरला. शरीराची भाषा त्याला ग्रंथातून कमी आणि अशा वाटांवर जास्त कळली असावी.

नालंदात तो सुमारे दहा वर्षं राहिला. तिथे तीन हजारांहून जास्त भिक्खू होते आणि दोनशेहून अधिक गावांच्या उत्पन्नावर विहार चाले. सकाळी घंटा झाली की भिक्खू आसपासच्या मोठ्या तळ्यांवर स्नानाला जात. स्नान जेवणाआधी, भुकेल्या पोटी करायचं, म्हणजे अंग स्वच्छ होतं आणि भूक लागते, ही त्याची नोंद. जेवून आंघोळ करू नको हे आपल्या आज्या सांगतात, ते इतकं जुनं आहे.

जेवणाचं वर्णन तर असं आहे की वाचताना पंगत डोळ्यांसमोर येते. वेताच्या छोट्या, वीतभर उंचीच्या बैठका, पाय जमिनीवर टेकलेले, दोन माणसांमध्ये हातभर अंतर. आधी पानावर बोटाएवढा आल्याचा तुकडा आणि थोडं मीठ. मग भात आणि घट्ट वरण, त्यावर गरम तूप, उजव्या हाताने कालवून खायचं. नंतर पोळ्या, घारगे यांसारखे पदार्थ आणि फळं, शेवटी दूधदुभतं आणि साखर. तहान लागली तर थंड पाणी. मगधात तांदूळ भरपूर, उत्तरेकडे गहू, पश्चिमेकडे सातू, हेही त्याने टिपलं आहे. पाणी रोज सकाळी तपासायचं, किडे असतील तर गाळायचं. पिण्याच्या पाण्याचं भांडं वेगळं, हात धुण्याचं वेगळं. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनीचं काय झालंय ते रोज बघणाऱ्या माणसाला हा नियम वाचून गप्प बसावं लागतं. मुंबईजवळ कान्हेरीला गेलात तर पावलोपावली खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या बघा, आणि अकराव्या लेण्यातले लांबच लांब दगडी ओटेही बघा. इत्सिंग वाचून गेलं की ते नुसते दगड राहत नाहीत.

जेवल्यावर दात आणि हात स्वच्छ करायचे. सकाळी आणि दुपार कलल्यावर ठरावीक जागेत शांतपणे चालायचं. या चंक्रमणाने अन्न पचतं आणि आजार दूर राहतात, असं तो नोंदवतो.

आता त्याच्या देशाकडे वळू. तो ज्या चीनमधून आला तिथे अन्नालाच औषध मानणारी विद्या त्याच काळात ग्रंथात उतरत होती. सुन सिमियाओ नावाच्या वैद्याने ६५२ च्या सुमारास मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. त्यात आहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आधी अन्नाने बरं करून बघावं, ते जमलं नाही तरच औषधाकडे वळावं, हा त्याचा क्रम. हा वैद्य बौद्ध विचार जाणणारा होता आणि चार महाभूतांच्या बिघाडातून रोग होतात हा भारतीय विचार त्याच्या ग्रंथात दिसतो. त्याचा शिष्य मंग शेन याने तर फक्त आहाराने उपचार करण्यावर पुस्तक लिहिलं. मूळ पुस्तक हरवलं, पण त्याचा एक तुकडा तुनहुआंगच्या बौद्ध गुंफांमध्ये मिळाला, तो आज लंडनमध्ये आहे.

या चिनी विद्येचा गाभा आपल्याला परका नाही. प्रत्येक पदार्थ उष्ण, कोमट, थंड किंवा मधला. आलं, लसूण उष्ण, काकडी आणि नासपती थंड. आंबट, कडू, गोड, तिखट, खारट या पाच चवी, प्रत्येकीचा एकेका अवयवाशी संबंध. ऋतू बदलला की ताट बदलायचं. पोट पूर्ण भरायच्या आधी उठायचं. आपली आजी पपई उष्ण म्हणते आणि ताकाला थंड म्हणते, तीच ही भाषा. प्रयोगशाळेत हे सगळं सिद्ध झालंय असं मात्र कोणी समजू नये. यातलं काही अनुभवाचं आहे, काही नुसतं कोष्टक पूर्ण करण्यासाठी बसवलेलं.

इत्सिंग या दोन्ही परंपरांच्या मधोमध उभा होता. नालंदात त्याने वैद्यकाचा मेहनतीने अभ्यास केला, पण भिक्खूचा तो मुख्य धंदा नव्हे म्हणून पुढे सोडून दिला. लिहिताना त्याने देशाभिमान केला नाही आणि भारताची आंधळी स्तुतीही केली नाही. सुया टोचण्याच्या आणि नाडी बघण्याच्या विद्येत चीनची बरोबरी जंबुद्वीपात कोणी करू शकत नाही, हे तो स्वच्छ सांगतो. चीनमध्ये चारशेच्या वर औषधी वनस्पती आणि खनिजं आहेत, भारतात ती मिळत नाहीत, इथे हिरडा, हिंग, केशर आहे, म्हणून ज्याने त्याने आपल्या भूमीत मिळेल ते वापरावं. चिनी लोक मासे आणि भाज्या कच्च्या खातात, भारतातले लोक भाजी चांगली शिजवून हिंग, तूप आणि मसाला घालून खातात, आणि त्याचा कल या शिजवलेल्या अन्नाकडे होता.

हिरड्याबद्दल तो विशेष लिहितो. हिरड्याची साल, सुंठ आणि साखर समभाग घेऊन गोळ्या करायच्या, रोज सकाळी काही घ्यायच्या, पोट बिघडलं तर दोनतीन वेळा पुरे. साखर नसेल तर मध चालेल. त्याचा स्वतःचा ठेवणीतला उपाय मात्र चिनी होता. तापासारख्या उष्ण विकारात एका कडू मुळीचा काढा किंवा साधा चहा. मायदेश सोडून वीस वर्षं झाली, एवढ्यावरच निभावलं, असं तो म्हणतो. आमच्या शहाडवरून जाणारा रस्ता मुरबाड, माळशेज करत घाट चढला की जुन्नरचा भाग लागतो. तिथले आदिवासी आजही हिरडा गोळा करून विकतात. तोच हा हिरडा. चिनी आरोग्य म्हणून डब्यातून महाग विकत आणण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

आणि उपवास. इथे मला मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इत्सिंग उपवासाला खरंच मोठं औषध मानतो. रोज सकाळी स्वतःचं शरीर तपासा, बिघाड वाटला तर आधी खाणं थांबवा. बहुतेक आजार रात्रीचं अन्न पचलेलं नसताना सकाळी पुन्हा जेवल्याने किंवा अति श्रमाने होतात. एवढंच वाचणारा माणूस त्याचा संदेश करून पुढे ढकलेल. पण तो पुढे लिहितो की लाट देशात, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातच्या भागात, आजारी माणसं पंधरा दिवस, महिनाही उपाशी राहतात. मध्य भारतात जास्तीत जास्त सात दिवस, दक्षिण समुद्राच्या बेटांवर दोन किंवा तीन. जमीन, हवा आणि माणसाची घडण वेगळी म्हणून हा फरक, सगळ्यांना एक नियम लावता येत नाही. आपल्या चीनमध्ये उपवास मानवेल की नाही हे मला ठाऊक नाही, असंही तो कबूल करतो. धडधाकट माणूस सात दिवस उपाशी राहिला तर मरू शकतो, हेही नमूद करतो. तेराशे वर्षांपूर्वीचा भिक्खू जितका सावध आहे, तितका आजचा मोबाइलवरचा चिनी ऋषी नाही.

त्याचं सगळंच घ्यायचं असंही नाही. उपवासात कितीही तहान लागली तरी पाणी पिऊ नये असं तो सांगतो, ते आज कोणी करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचंही जेवण सोडू नये. त्याच्या काळात हा आजार नीट ओळखता येत नव्हता आणि त्यावर इंजेक्शनही नव्हतं. मावशींना मी हेच सांगितलं. आता त्या वेळेवर जेवतात, संध्याकाळी विहाराच्या आवारात चालतात, आणि वर्षावासात अष्टशील घेतात तेव्हा विकालभोजनाच्या नियमातून आजाऱ्याला सूट असते हे इतरांनाही ठणकावून सांगतात.

त्याच्या ग्रंथातलं एक प्रकरण घातक औषधांविरुद्ध आहे. त्या काळी चीनच्या काही भागात ताप आला की माणसाची किंवा जनावरांची विष्ठा मडक्यात साठवून औषध म्हणून देत आणि त्याला ड्रॅगनचा काढा असं भारी नाव होतं. इत्सिंग त्यावर तुटून पडतो. परंपरा आहे म्हणून घाण पोटात घालायची का, हा त्याचा सूर. गोमूत्राच्या बाटल्या विकल्या जाणाऱ्या देशात हे प्रकरण भाषांतर करून वाटलं पाहिजे, असं वाचताना वाटत होतं.

आणि तिथेच पुढे ठेच लागते. घाणीपासून लांब राहावं हे पटवण्यासाठी तो भारताचं उदाहरण देतो. इथे मैला काढणारी माणसं रस्त्याने जाताना काठी आपटत जातात, म्हणजे लोकांना कळावं. चुकून कोणाचा धक्का लागलाच तर तो माणूस कपड्यांसकट अंग धुतो. एवढं लिहून तो पुढच्या मुद्द्याकडे जातो. काठी आपटणाऱ्याला काय वाटत असेल, तो काय खातो, आजारी पडला तर त्याला हिरडा आणि सुंठ कोण देतं, यावर एक ओळ नाही. ज्याने चिखल फासून, पानं गुंडाळून स्वतःचा जीव वाचवला, त्याला ती काठी ऐकू आली आणि खटकली नाही.

मला हे वाचून राग आला आणि अजूनही आहे. नालंदातल्या त्या स्वच्छ पंगतीचा मैला कोण उचलत होतं, हा प्रश्न त्याच्या सुंदर वर्णनाला चिकटूनच राहतो. तरीही ती नोंद त्याने लपवली नाही, हे आपल्या उपयोगाचं आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली हे ठरवताना फाहियान आणि ह्युएन त्संग या चिनी प्रवाशांचीच साक्ष तपासली होती. उष्टं, स्पर्श, शुद्ध भांडं हे शब्द इत्सिंगच्या विहारात आरोग्यासाठी आहेत. विहाराच्या भिंतीबाहेर त्याच शब्दांनी माणसं वेगळी काढली जात होती, आणि दोन्ही त्याच्या एकाच पुस्तकात आहेत. शिबिरात हे वाचून दाखवलं तेव्हा एका मुलाने विचारलं, मग हा भिक्खू आपला की त्यांचा. चर्चा रात्री अकरापर्यंत चालली. आमचं एकमत झालं नाही.

६८५ च्या सुमारास तो नालंदा सोडून परतला. वाटेत पुन्हा लुटारू, पुन्हा थोडक्यात बचावला. जवळ सुमारे चारशे ग्रंथ, पाच लाख श्लोकांचा ऐवज. तो श्रीविजयला थांबला आणि भाषांतराला बसला. ६८९ मध्ये कागद आणि शाई संपली. चीनला पत्र पाठवण्यासाठी तो बंदरात उभ्या जहाजावर गेला, तेवढ्यात वारा मिळाला आणि जहाज सुटलं. ग्रंथ इकडे, हा तिकडे. तसाच कँटनला पोहोचला, चार मदतनीस गोळा केले आणि त्याच वर्षी परत श्रीविजयला आला. आपला वृत्तांत आणि भारतात गेलेल्या ५६ भिक्खूंची चरित्रं त्याने ६९२ मध्ये दुसऱ्या भिक्खूच्या हाती पुढे पाठवली. ह्या वृत्तांताचं इंग्रजी भाषांतर जपानी अभ्यासक ताकाकुसू यांनी १८९६ मध्ये ऑक्सफर्डहून छापलं, म्हणून आपण आज तो वाचू शकतो. मराठीत पूर्ण भाषांतर कोणी करत असेल तर आमचं विहार पहिल्या दहा प्रती घ्यायला तयार आहे.

६९५ मध्ये पंचवीस वर्षांनी तो लोयांगला पोहोचला. सम्राज्ञी वू त्स-थियन स्वतः नगराच्या पूर्व दरवाजाबाहेर स्वागताला आली. उरलेलं आयुष्य भाषांतरात गेलं. मूलसर्वास्तिवादी विनयाचा मोठा भाग आणि एकूण ५६ ग्रंथ. ७०३ मध्ये त्याने सुवर्णप्रभास सूत्र चिनी भाषेत आणलं. त्यातल्या एका प्रकरणात वैद्याचा मुलगा जलवाहन म्हाताऱ्या वडिलांना विचारतो की कोणत्या ऋतूत काय खावं, आणि ते शिकून गावोगाव आजाऱ्यांकडे जातो. खाल्ल्याबरोबर उठतो तो कफाचा विकार, पचताना उठतो तो पित्ताचा, पचून गेल्यावर उठतो तो वाताचा, असा साधा हिशोब त्यात आहे. हिरड्यात सहा चवी असतात हेही तिथे आहे. नालंदाच्या पंगतीत जे त्याने पाहिलं, ते अशा रीतीने चिनी वाचकाच्या ताटापर्यंत गेलं.

७१३ मध्ये तो गेला, चिनी मोजणीने ७९ वर्षांचा होऊन. आहाराचं पुस्तक लिहिणारा मंग शेनही त्याच वर्षी गेला. इत्सिंगने आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी जो विटांचा मनोरा बांधला होता, तो शीआन शहरात आजही उभा आहे. त्याचे वरचे दोन मजले पडले आहेत, तेरा शिल्लक आहेत.